शिल्लक रजेचा पगार : एका दुर्लक्षित हक्काचा इतिहास

'रजा' हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी, परवानगी. 'पगार' पोर्तुगीजांकडून मिळाला. 'सुट्टी' मात्र आपलीच, 'सुटणे' या क्रियापदाच्या कुळातली. सुट्टीत माणूस सुटतो आणि रजेत त्याला सोडले जाते, असा भेद या दोन शब्दांच्या तळाशी आहे. कार्यालयीन मराठीने पुढे 'अर्जित रजा' असा एक जोडशब्द घडवला. त्याकडे थोडे थांबून पाहिले तर तो विलक्षण वाटतो. अर्जित म्हणजे कमावलेली आणि रजा म्हणजे दुसऱ्याने दिलेली परवानगी. परवानगी कमावता येते काय? आणि कमावलेली परवानगी वापरण्यापूर्वीच माणूस नोकरी सोडून निघाला, तर तिचे पैसे मागण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त होतो?

या प्रश्नाचे उत्तर देण्यास शे-सव्वाशे वर्षे लागली, आणि त्यातील बराच मोठा भाग मुंबईत घडला. आमच्या साहित्यव्यवहारात गिरणगाव पुष्कळ आला आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत त्याची परंपरा सहज दाखवता येते. पण या वाङ्मयाच्या चर्चेत आपण संप, टाळेबंदी, उपासमार, लाल बावटा यांच्याभोवतीच फिरत राहतो. कुणाशी भांडण न करता, हिशेब मागून, शांतपणे नोकरी सोडणारा कामगार आपल्या चर्चेत अभावानेच येतो. याचे एक कारण ऐतिहासिक आहे. शांतपणे नोकरी सोडणे ही गोष्ट दीर्घकाळ शक्यच नव्हती.

१८५९ चा तेरावा कायदा पाहावा. मजूर किंवा कारागीर याने कामासाठी उचल घेतली आणि काम पुरे न करता तो निघून गेला, तर मॅजिस्ट्रेट त्याला उचल परत करण्याचा अथवा काम पुरे करण्याचा हुकूम देऊ शके; हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. करार दोघांचा, पण तुरुंग एकासाठीच. मालकाने पैसे बुडवले तर तो दिवाणी वाद, मजुराने काम टाकले तर तो फौजदारी गुन्हा. हा कायदा १९२५ साली रद्द ठरवला जाईपर्यंत, म्हणजे साठ-पासष्ट वर्षे, पुस्तकात राहिला. ज्या काळात नोकरी सोडणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून पाहता येत होते, त्या काळात त्याने जाता जाता शिल्लक सुट्ट्यांचे पैसे मागावेत ही कल्पनाच हास्यास्पद वाटली असती.

मुंबईच्या गिरण्यांत याहून साधे हत्यार वापरात होते. पगार महिन्याचा, पण तो हाती पडायचा पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. म्हणजे कोणत्याही क्षणी कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी मालकाकडे अडकलेली असे. पूर्वसूचना न देता जो जाईल त्याची ही मजुरी जप्त. दरम्यानच्या काळात वाणी आणि पठाण यांच्या वहीवर घर चाले, आणि ते व्याज कोण भरत होते हे सांगावयास नको. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनकडे जो अर्ज केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. आपण त्यातली आठवडी सुट्टीची मागणी लक्षात ठेवतो. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाचे मर्यादित तासही अधूनमधून सांगतो. त्याच अर्जात मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा अशी मागणी होती, तिच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. आमच्या मते ती त्या अर्जातली सर्वांत दूरदृष्टीची मागणी आहे. सुट्टी हा वेळेचा प्रश्न आहे असे आपण समजतो. लोखंड्यांनी तो आरंभापासून पैशाच्या प्रश्नाशेजारी ठेवला होता.

(लोखंडे हे जपून चालणारे गृहस्थ होते, ही गोष्टही नोंदवावी. 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापून त्यांनी पुढली थांबवली आणि जोतीरावांचा रोष ओढवून घेतला. पण सरकारदरबारी टिकेल असा अर्ज लिहिण्याला बहुधा असाच सावध हात लागतो.)

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवडी सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने तिला कायद्याचे रूप दिले. रविवारच का, याचे उत्तर म्हणून खंडोबाचा वार ही गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. ती खरीही असेल. परंतु ही सुट्टी बिनपगारी होती हे त्या आवडीच्या भरात विसरले जाते. मिळाला तो न येण्याचा हक्क. न आल्याचे पैसे हा वेगळा आणि पुढचा टप्पा होता, आणि त्यासाठी आणखी पंचावन्न वर्षे जावी लागली.

मधल्या काळात कामगाराची खरी रजा कोणती होती? ती शिमग्याची, गणपतीची, लग्नसराईची, भातलावणीची. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला माणूस गावी जाई तो पंधरा दिवस, महिना, कधी दोन महिने. त्याला रजा म्हणावे की नोकरी सोडणे, हे त्याला स्वतःला सांगता आले नसते. परतल्यावर जुना साचा मिळेल की नाही हे जॉबरच्या मर्जीवर, आणि मर्जीचा दर ठरलेला असे. त्याला 'दस्तुरी' म्हणत. म्हणजे गावी जाणाऱ्याला पगार मिळत नसे एवढेच नव्हे, तर परत येण्यासाठी त्यालाच पैसे मोजावे लागत. रजेची किंमत उलट्या दिशेने वसूल होत होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात कामगारांना ठरावीक मुदतीची रजा मागण्यास उत्तेजन द्यावे आणि वेळेवर परतल्यास जुने काम परत मिळण्याची हमी द्यावी, असे सुचवले. आजच्या वाचकाला ही शिफारस अगदीच मामुली वाटेल. तिचा अर्थ मात्र मोठा होता. गावी गेलेला माणूस नोकरी सोडून गेलेला नाही, हे सरकारी अहवालाने मान्य केले. 'रजा' आणि 'सोडणे' यांच्यामध्ये पहिली रेघ येथे ओढली गेली.

१९३६ हे या इतिहासातले महत्त्वाचे वर्ष. एप्रिलमध्ये हिंदुस्थानात वेतन प्रदान कायदा संमत झाला. मालकाने नोकरी संपवली तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी त्या माणसाचे वेतन चुकते केले पाहिजे, हे त्याने घातले. शिवाय पैसे कापले गेले किंवा अडवले गेले तर दाद मागण्यासाठी स्वतंत्र अधिकारी आणि कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाईची तरतूद. मात्र 'मालकाने संपवली तर' हे शब्द नीट वाचावेत. स्वतःहून सोडणाऱ्याला हा दोन दिवसांचा नियम लागू नव्हता. आणि दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचनेविना गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल, अशी एक खाचही त्याच कायद्यात होती. जुन्या जप्तीचा तो उरलेला तुकडा. जून १९३६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने पगारी सुट्टीचा करार स्वीकारला. त्याच महिन्यात फ्रान्सने आपल्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुट्टी दिली. जिनिव्हाच्या करारातले दोन मुद्दे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. सुट्टीवरचा हक्क सोडून देण्याचा करार कुणी केला तरी तो रद्दबातल. आणि मालकाकडच्या कारणाने सुट्टी घेण्यापूर्वी नोकरी गेली तर त्या सुट्टीचे पैसे देय.

आपल्याकडे हा विचार १९४५ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी, बालकामगाराला चौदा. आणि त्याला जोडून आमच्या विषयाचे कलम : सुट्टी मिळण्यापूर्वी मालकाने कामावरून काढले, किंवा सुट्टीसाठी अर्ज करून ती नाकारली गेल्यावर कामगार नोकरी सोडून गेला, तर तिचे पैसे द्यावे लागतील.

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आम्ही वर्गात परिच्छेदाचे सूक्ष्मवाचन करतो तसा वाचून पाहिला. काढलेल्या माणसावर कोणतीही अट नाही. सोडणाऱ्यावर मात्र दोन अटी आहेत. त्याने अर्ज केलेला असला पाहिजे, आणि तो नाकारला गेलेला असला पाहिजे. म्हणजे कायद्याच्या लेखी पैसे हे रजेचे नव्हतेच, ते नकाराचे होते. 'रजा' या शब्दाचा अरबी अर्थ येथे जसाच्या तसा जिवंत आहे : परवानगी मागितली, ती मिळाली नाही, म्हणून भरपाई. ज्याने मागितलीच नाही त्याचे काय? त्याने ती सोडून दिली असे धरायचे. आता, सही किंवा अंगठा करून लेखी अर्ज देणे आणि त्यावरचा लेखी नकार जपून ठेवणे ही १९४५ च्या गिरणीतल्या माणसाकडून करण्याची अपेक्षा आहे काय? नकार तोंडी असतो. 'बघू', 'सणानंतर बघू', 'माणसं नाहीत' अशा रूपात तो येतो. जवळपास याच शब्दांचे कलम १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्यातही आले, आणि दुकानांतले नोकर, हॉटेलांतली पोरे, पेढ्यांवरचे कारकून अनेक दशके त्याच अटीखाली राहिले.

१९४८ च्या कारखाने कायद्याने रजेला हिशेबाचे रूप दिले. वीस दिवस कामाला एक दिवस रजा. १९५४ च्या दुरुस्तीने त्यासाठी वर्षात २४० दिवस कामाची अट आली. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात नेता येई, पण कमाल तीस दिवस. त्याच ७९ व्या कलमाच्या शेवटी एक छोटे पोटकलम आहे, ज्याचे आम्हांला कौतुक वाटते : नोकरी संपवताना द्यावयाच्या सूचनेच्या मुदतीत कामगाराची शिल्लक रजा धरता येणार नाही. 'महिन्याची नोटीस आहे ना, मग उरलेली रजा त्यातच घ्या आणि मोकळे व्हा' हा व्यवहार किती जुना असला पाहिजे, हे हे कलम वाचताना कळते. जी चलाखी कुणी करतच नाही, ती बंद करण्यासाठी कायदा शाई खर्च करत नसतो.

खरा पालट १९७६ च्या दुरुस्तीने झाला. तोपर्यंतची भाषा बाजूला सारून आता असे म्हटले गेले की, कामगाराला काढले, बडतर्फ केले, तो स्वतः सोडून गेला, निवृत्त झाला किंवा मरण पावला, तर त्याला किंवा त्याच्या वारसाला शिल्लक रजेचे वेतन मिळेल, त्याचे २४० दिवस भरलेले नसले तरीही. सोडून गेलेल्यालाही दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत. अर्ज केला होता काय, नाकारला होता काय, हे प्रश्न निकालात निघाले. पाच प्रकारे नोकरी संपू शकते आणि पाचही प्रकारांत हिशेब एकच. त्यात 'बडतर्फ' हा शब्द आहे याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. गैरवर्तनासाठी हाकललेल्या माणसाचीही कमावलेली रजा त्याचीच राहते. रजा ही चांगल्या वागणुकीची बक्षिसी आहे ही समजूत येथे मोडली. 'अर्जित' या विशेषणाने 'रजा' या नामावर मात केली, असे आम्ही भाषेचे शिक्षक म्हणू.

आणि तरीही गिरणगावातल्या एका मोठ्या वर्गाला या कलमाचा उपयोग होणे अवघड होते. तो वर्ग बदली कामगारांचा. सकाळी भोंग्याच्या वेळेला फाटकाशी उभे राहायचे. कायम कामगारांत कुणाचा खाडा असेल तर त्या जागी काम, नसेल तर घरी परत. दुसऱ्याची रजा हेच ज्याचे काम, त्याची स्वतःची रजा कशी मोजायची? २४० दिवस त्याचे भरणे कठीण. आणि १९७६ ची दुरुस्ती नोकरी संपण्याच्या प्रसंगी त्याला हात देऊ पाहते, तर त्याची नोकरी संपल्याची तारीखच सापडत नाही. त्याला कुणी काढत नाही. तो सोडत नाही. एक दिवस त्याला फाटकावरून आत घेणे थांबते, एवढेच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि असंख्य कायम कामगारांचीही अवस्था मग बदल्यांसारखीच झाली. त्यांनी नोकरी कोणत्या दिवशी सोडली? कायद्याची पाचही क्रियापदे येथे अपुरी पडतात.

न उचललेल्या पैशांचे काय होते, हीही एक कथा आहे, आणि साहित्याच्या वाचकांना तिचा शेवट अनपेक्षित वाटेल. माणूस गावी जातो, मरतो, पत्ता बदलतो. दहा-वीस रुपयांसाठी परत येत नाही. अशा शेकडो छोट्या रकमा कंपन्यांच्या वहीत साचत. मुंबई कामगार कल्याण निधी कायदा, १९५३ याने ठरावीक मुदतीत न दिलेला पगार आणि कामगारांकडून वसूल केलेला दंड कल्याण निधीत जमा करण्याची योजना केली. बॉम्बे डाइंगने तिला आव्हान दिले. डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न दिलेल्या पगारापुरती ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. कंपनीच्या बाजूने लागलेला हा निकाल, पण त्यात कामगाराच्या बाजूचे एक तत्त्व पक्के झाले : मुदत उलटली म्हणजे कर्ज नाहीसे होत नाही, ते न्यायालयामार्फत वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. पगार हे कर्ज आहे आणि ते देणेकऱ्याच्या वहीत जिवंत राहते, असा त्याचा अर्थ. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि दंड व न उचललेली वेतने यांना निधीत जागा मिळाली. या निधीवर चालणारे मंडळ म्हणजे आजचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. कामगार नाट्यस्पर्धा आणि कामगार साहित्य संमेलन भरवणारे, ललित कला भवने चालवणारे. आमच्यापैकी काहींनी या स्पर्धांची नाटके परीक्षक म्हणून पाहिली आहेत. रंगमंचावरच्या दिव्यांच्या खर्चात कुण्या विस्मृत साचेवाल्याच्या न मागितलेल्या पगाराचा एखादा रुपया असू शकतो, हे तेव्हा आमच्या मनातही आले नव्हते.

अलीकडचा भाग थोडक्यात सांगता येईल. २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन आणि रजेचे रोखीकरण ही मालमत्ता मानली. स्पष्ट कायदेशीर तरतुदीवाचून ती अडवता येत नाही. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने राजीनामा दिलेल्या बँक कर्मचाऱ्याच्या बाबतीत हेच तत्त्व लावले : रजेचे पैसे पगारासारखेच आहेत. दुकाने व संस्था यांच्यासाठी राज्यात २०१७ चा नवा कायदा आला आणि रजा साठवण्याची मर्यादा पंचेचाळीस दिवसांवर गेली. मात्र दहापेक्षा कमी माणसे असलेली दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींच्या बाहेर राहिली. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील वेतन संहितेने दोन कामाच्या दिवसांचा नियम राजीनामा देणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत लागू केला आणि दावा करण्याची मुदत तीन वर्षे केली; दुसऱ्या एका संहितेने रजेसाठीची २४० दिवसांची अट १८० वर आणली. १९३६ मध्ये 'मालकाने संपवली तर' असे जे लिहिले गेले होते, ते बदलायला एकोणनव्वद वर्षे लागली.

आता आमच्या व्यवसायाकडे. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे, असा निकाल १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे कामगार न्यायालयाचे दार आम्हांला बंद झाले. दीर्घ सुट्टी उपभोगणारे म्हणून पूर्णवेळ अध्यापकांच्या अर्जित रजेचा हिशेब वेगळा असतो. त्याबद्दल तक्रार करावी असे आम्हांला वाटत नाही, उन्हाळ्याची सुट्टी आम्हांला पगारासह मिळते. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांची गोष्ट निराळी. तास घेतला तर मानधन, विद्यापीठाची परीक्षा लागली, निवडणूक आली, कुणाची पुण्यतिथी आली की तास नाही आणि मानधनही नाही. पूर्णवेळ जागा रिकामी म्हणून त्यांचे काम. ती भरली की ते संपले. त्यांना निरोप दिला जात नाही आणि ते राजीनामाही देत नाहीत. सत्र संपते. जून-जुलैत पुन्हा जाहिरात निघते, पुन्हा मुलाखत होते, कधी त्याच माणसांसमोर, आणि नवे नियुक्तिपत्र हाती येते. आमच्या ओळखीतल्या काहींकडे अशी दहा-बारा नियुक्तिपत्रे एका फाइलीत लावलेली आहेत. त्यांतील एकातही रजेचे कलम नाही.